कातडीतला तिपेडी दोर

लग्नसराई जवळ आली की आमच्या बाह्यरुग्ण विभागात रक्तदाब आणि मधुमेहाच्या रांगेतून एक वेगळाच प्रश्न येतो. मधुमेहाच्या गोळ्या न्यायला आलेल्या एका बाईंनी तपासणी झाल्यावर मागे कोणी ऐकत नाही ना हे पाहिले आणि हळूच विचारले, की कोलॅजेनची सुई घेतली तर गालावरच्या सुरकुत्या जातात का. मुलीचे लग्न तोंडावर आले होते. ओळखीच्या पार्लरमध्ये बाहेरगावाहून कोणीतरी येऊन ती सुई देणार होते आणि पैसे आगाऊ मागितले होते. सुईत नेमके काय असते, हे मात्र देणाऱ्याने सांगितले नव्हते आणि त्यांनीही विचारले नव्हते.

आपल्या कोपरगावला हा विषय तसा जुना आहे. बेटातल्या शुक्राचार्यांच्या मंदिरात आपण मुहूर्त न पाहता लग्ने लावतो. संजीवनी विद्या याच शुक्राचार्यांकडे होती आणि आपल्या जावयाला, ययातीला, भर तारुण्यात म्हातारपणाचा शाप दिला तोही त्यांनीच, असे कथा सांगते. ययातीने मग मुलाचे तारुण्य उसने घेतले. त्या बाईंचा प्रश्न याच कथेच्या कुळातला होता. उसने तारुण्य मिळते का, आणि मिळाले तर ते फेडावे कशाने लागते?

याचे उत्तर द्यायचे तर आधी कोलॅजेन म्हणजे काय ते कळायला हवे. ते ज्याने जगाला प्रथम दाखवले, तो माणूस ना त्वचारोगतज्ज्ञ होता, ना डॉक्टर. तो मद्रासमधला पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक होता. जी. एन. रामचंद्रन हे त्याचे नाव. जगभरच्या जीवरसायनशास्त्राच्या पुस्तकांत ते छापलेले असते, पण आपल्याकडे शाळेतल्या मुलाला विचारले तर क्वचितच सांगता येईल.

गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९२२ रोजी केरळात एर्नाकुलम येथे झाला. वडील तिथल्या महाराजा कॉलेजात गणित शिकवत. गणिताची गोडी घरातच लागली. तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ कॉलेजातून १९४२ मध्ये पदार्थविज्ञानाची पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवून ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत दाखल झाले, ते विद्युत अभियांत्रिकी शिकायला. पण तिथे सर सी. व्ही. रामन होते. त्यांनी या मुलाची बुद्धी हेरली आणि त्याला आपल्या पदार्थविज्ञान विभागात ओढून घेतले. एका विभागातून दुसऱ्या विभागात झालेली ही बदली पुढे वैद्यकशास्त्राच्या फार उपयोगी पडली.

रामन यांच्या हाताखाली रामचंद्रन प्रकाश, स्फटिक आणि क्ष-किरण यांच्यात रमले. आम्ही डॉक्टर क्ष-किरण वापरतो ते मोडलेले हाड पाहायला. स्फटिकाचा अभ्यास करणारे ते वेगळ्या कामासाठी वापरतात. पदार्थातले अणू ठराविक रांगांत बसलेले असतील, तर त्यांवर पडलेले क्ष-किरण विखुरतात आणि फिल्मवर ठिपक्यांची नक्षी उमटते. त्या नक्षीवरून उलटा हिशेब करत अणू कुठे बसले असतील ते शोधायचे असते. रांगोळी पुसली गेली आहे, नुसते ठिपके उरले आहेत आणि त्यांवरून मूळ रांगोळी काढायची आहे, असे हे काम. त्याला चिकाटी लागते आणि गणितही लागते. रामचंद्रन यांच्याकडे दोन्ही होते.

१९४७ ते १९४९ ही दोन वर्षे ते केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत होते. तिथून डॉक्टरेट घेऊन ते बंगळूरला परतले. १९५२ मध्ये मद्रास विद्यापीठाला पदार्थविज्ञान विभागासाठी प्रमुख हवा होता. कुलगुरू होते डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार, स्वतः नामांकित प्रसूतितज्ज्ञ. त्यांनी आधी रामन यांना विचारले. रामन यांनी आपल्या या शिष्याचे नाव पुढे केले. तिशीच्या उंबरठ्यावरचा तरुण विभागप्रमुख झाला. पद मिळाले, पण कशावर काम करायचे हे अजून ठरले नव्हते.

त्याच सुमारास जे. डी. बर्नाल हे इंग्लंडमधले मोठे शास्त्रज्ञ मद्रासला आले. बोलता बोलता त्यांनी सांगितले, की कोलॅजेनची रचना अजून कोणालाच नीट उलगडलेली नाही. जे आराखडे मांडले गेले आहेत, ते पटण्यासारखे नाहीत. त्या न पटणाऱ्या आराखड्यांत लायनस पॉलिंग यांच्यासारख्या दिग्गजाचाही एक होता. रामचंद्रन यांना विषय मिळाला.

कोलॅजेन हे आपल्या शरीरात सर्वांत जास्त असलेले प्रथिन. एकूण प्रथिनांपैकी सुमारे एक तृतीयांश तेच असते. कातडी, हाडे, स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या नसा, कूर्चा, रक्तवाहिन्यांच्या भिंती, सगळीकडे ते आहे. वीट-सिमेंटच्या घरात जे काम लोखंडी सळ्या करतात, ते काम शरीरात कोलॅजेन करते. विद्यापीठाच्या शेजारीच केंद्रीय चर्मसंशोधन संस्था होती. कातडे कमावणे म्हणजे कोलॅजेन टिकवणे, त्यामुळे नमुने जवळच मिळण्यासारखे होते. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्ता यांनी कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेवर, म्हणजे त्या चिवट पांढऱ्या दोरीवर, क्ष-किरण टाकले, कारण तिच्यातले कोलॅजेन शुद्ध आणि एका दिशेत मांडलेले असते.

नक्षीसोबत त्यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष दिले. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. कोलॅजेनच्या माळेत जवळजवळ एक तृतीयांश मणी ग्लायसीनचे असतात आणि ग्लायसीन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल. तीनात एक, हे प्रमाण योगायोगाने आलेले नसणार, असे त्यांना वाटले. त्यांनी माळा तीन धरल्या, एकमेकींशेजारी ठेवल्या आणि प्रत्येक तिसरा मणी आतल्या बाजूला, जिथे तिळाएवढीही जागा नाही तिथे बसवला. तिथे ग्लायसीनच मावते, दुसरे काही मावत नाही. ऑगस्ट १९५४ मध्ये नेचर या नियतकालिकात हा आराखडा प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी त्यांनी त्यात सुधारणा केली. तीन माळा नुसत्या शेजारी नसतात, त्या एकमेकींभोवती पीळ घेतात. चंद्र पृथ्वीभोवती फिरताना आपली एकच बाजू तिच्याकडे ठेवतो, तशी प्रत्येक माळ पीळ घेतानाही ग्लायसीनची बाजू सतत आत ठेवते.

आपल्या भागात वाखाची दोरी वळताना ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हे लगेच कळेल. एक पेड तुटतो, तीन पेड पीळ देऊन वळले की तोच वाख बैल आवरतो. आपली कातडी ताणली तरी फाटत नाही, ती या तिपेडी दोरामुळे.

पण गोष्ट इथे संपली नाही. त्याच १९५५ मध्ये केंब्रिजहून अलेक्झांडर रिच आणि फ्रान्सिस क्रिक यांनी आक्षेप घेतला. डीएनएची रचना सांगून दोन वर्षांपूर्वी जगभर नाव झालेले तेच हे क्रिक. त्यांचे म्हणणे असे, की तीन पेड बरोबर आहेत, पण मद्रासच्या आराखड्यात काही अणू एकमेकांच्या फार जवळ बसवले आहेत आणि पेडांना जोडणारे बंध मोजण्यातही चूक आहे. तपशिलात ते बरेचसे बरोबर होते. मूळ कल्पना मद्रासची, दुरुस्ती केंब्रिजची आणि जगातले वजन अर्थातच केंब्रिजचे.

दुसरा कोणी असता तर रुसून बसला असता, नाहीतर आयुष्यभर भांडत राहिला असता. रामचंद्रन यांनी आक्षेपाचाच प्रश्न करून घेतला. दोन अणू किती जवळ येऊ शकतात? तोपर्यंत प्रसिद्ध झालेल्या स्फटिकांच्या रचना त्यांनी तपासायला घेतल्या आणि प्रत्यक्षात कोणते अंतर आढळते ते पाहिले. मग सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी प्रथिनाची माळ कोणत्या कोनांत वळू शकते आणि कोणत्या कोनांत वळूच शकत नाही, याचा एक नकाशा काढला. तो १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला रामचंद्रन आलेख म्हणतात. आज जगात कुठेही नव्या प्रथिनाची रचना सापडली, मग ते विषाणूवरचे असो की कर्करोगाच्या औषधाचे लक्ष्य असो, ती बरोबर आहे की नाही हे याच नकाशावर ठेवून तपासतात. एका चुकीच्या तपशिलावरून झालेल्या टीकेतून हे निघाले. तिपेडी रचनाही टिकली. १९९४ मध्ये कोलॅजेनसारख्या एका छोट्या रेणूचा स्फटिक बारकाईने तपासला गेला, तेव्हा त्यात तीच तिपेडी रचना स्पष्ट दिसली.

आता त्या बाईंच्या सुईकडे येऊ, कारण हा दोर कळला की बाकीचे उलगडते.

पहिली गोष्ट, हा दोर शरीरालाच वळावा लागतो. कातडीच्या आतल्या थरात फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी असतात, त्या हे काम करतात. वळताना त्यांना क जीवनसत्त्व लागते. ते मिळाले नाही तर पीळ घट्ट बसत नाही. हिरड्यांतून रक्त येते, जखमा भरत नाहीत. हाच स्कर्व्ही. तिसऱ्या जागेवरचे एक ग्लायसीन जन्मतःच बदलले असेल, तर कोलॅजेनचा पीळच बिघडतो आणि मुलाची हाडे साध्या पडण्यानेही मोडतात. ठिसूळ हाडांच्या आजाराची अशी मुले पाहिली, की तीनात एक या हिशेबाची किंमत कळते.

दुसरी गोष्ट, बाहेरून दोर आयता घालता येत नाही. कोलॅजेनचा रेणू एवढा मोठा, की क्रीममधून तो कातडीत शिरत नाही. पावडर पोटात गेली की तिचे बारीक तुकडे होतात आणि ते थेट गालावर जाऊन बसत नाहीत. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असे आपण म्हणतो. पण कोलॅजेन नुसते उकळले तरी पीळ जातो आणि मागे उरते ते जिलेटिन. पायाचे सूप थंड झाल्यावर थिजते, ते याच जिलेटिनमुळे.

सुईने आयते कोलॅजेन घालण्याचा प्रयत्नही झाला. अमेरिकेत १९८१ मध्ये गाईच्या कातडीपासून काढलेल्या कोलॅजेनच्या इंजेक्शनला परवानगी मिळाली. काहींना त्याची ॲलर्जी होत असे, म्हणून आधी हातावर चाचणी करावी लागे. आणि काही महिन्यांत शरीर ते विरघळवून टाकी. उसने ते उसनेच.

त्यानंतर आली ती शरीरालाच कामाला लावणारी इंजेक्शने. पॉलिलॅक्टिक आम्ल हे त्यातले एक. विरघळणारे टाके ज्या जातीच्या पदार्थाचे असतात, त्याच जातीचे हे. त्याचे सूक्ष्म कण पाण्यात मिसळून कातडीखाली सोडतात. पाणी काही दिवसांत शोषले जाते, म्हणून आधी भरलेला गाल पुन्हा बसतो. पण कण तिथेच राहतात. शरीराला ते परके वाटतात. पांढऱ्या पेशी त्यांच्याभोवती गोळा होतात, फायब्रोब्लास्ट जागे होतात आणि कणांभोवती नवे कोलॅजेन वळू लागतात. परिणाम दिसायला आठवडे ते महिने लागतात, एकाहून जास्त वेळा सुई घ्यावी लागते आणि तो साधारण दोन वर्षे टिकतो. कॅल्शियम हायड्रॉक्सिलॲपेटाइट हे दुसरे द्रव्य. ते जागा लगेच भरते आणि मागाहून कोलॅजेनलाही चालना देते. म्हणजे कोलॅजेनची सुई या नावाने आज जे दिले जाते, त्यात बहुधा कोलॅजेन नसतेच. आपणच मुद्दाम केलेल्या लहानशा चिथावणीला शरीराने दिलेले ते उत्तर असते. ते काबूत राहिले तर गाल भरतो. काबूबाहेर गेले तर गाठी होतात, त्या महिन्यांनी किंवा वर्षांनीही येऊ शकतात.

हे औषध अमेरिकेत २००४ मध्ये मंजूर झाले ते सौंदर्यासाठी नव्हे. एचआयव्हीच्या रुग्णांचे गाल खोल जातात, कातडीखालची चरबी झडते, त्यांच्यासाठी ते मंजूर झाले. सुरकुत्यांसाठीची परवानगी २००९ मध्ये आली. त्याच २००४ च्या एप्रिलमध्ये आपल्या देशात एचआयव्हीची मोफत औषधे सुरू झाली. त्या औषधांत स्टॅव्हुडीन होते. त्याने जीव वाचले, पण कित्येकांचे गाल बसले. मी ते चेहरे पाहिले आहेत. आजार लपवून राहणाऱ्या बायकांना गावात आपला चेहराच चहाडी करतो असे वाटे. पदर ओढून त्या रांगेत उभ्या राहत. पुढे ते औषध मागे घेतले गेले. पण ज्या सुईने त्यांना पुन्हा मान वर करून चालता आले असते, ती त्यांच्या ऐपतीबाहेर होती. म्हणून चेहऱ्यावरच्या उपचाराला मी सरसकट चोचले म्हणत नाही.

रामचंद्रन यांनी यातले काही डोळ्यांपुढे ठेवून काम केले नव्हते. त्यांच्या बाबतीत असे पुन्हा एकदा घडले. मद्रास सोडून ते बंगळूरला परतले आणि रेणूंच्या जीवभौतिकीचा नवा विभाग त्यांनी उभा केला. १९७१ मध्ये ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्याबरोबर त्यांनी एक गणिती रीत मांडली. अनेक बाजूंनी घेतलेल्या क्ष-किरणांच्या सावल्यांवरून आतल्या वस्तूचे चित्र कसे उभे करायचे, ती ही रीत. त्याच वर्षी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या डोक्याचा सीटी स्कॅन झाला. सीटी स्कॅनचे चित्र तयार करण्याच्या गणितात आजही या दोघांच्या नावाची चाळणी ओळखली जाते. अपघातात डोक्याला मार लागलेला रुग्ण स्कॅनला पाठवताना त्यांचे नाव माझ्याही मनात येत नाही, हे कबूल करते.

१९७७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले. नोबेल मिळाले नाही. उतारवयात त्यांना कंपवाताने गाठले. १९९८ मध्ये पत्नी राजलक्ष्मी गेल्या. १९९९ मध्ये स्फटिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा एवाल्ड पुरस्कार मिळाला आणि ७ एप्रिल २००१ रोजी चेन्नईत त्यांचे निधन झाले.

कंपवातात चेहऱ्याचे स्नायू आखडतात. चेहरा गुळगुळीत, मुखवट्यासारखा दिसू लागतो. असे रुग्ण घेऊन येणारे नातेवाईक सुरकुत्या कमी झाल्याचे समाधान कधी मानत नाहीत. बाबा हसत नाहीत, एवढेच ते सांगतात. चेहरा कशासाठी असतो, हे मला त्यांच्याकडून कळले.

त्या बाईंना मी सुई घेऊ नका असे सांगितले नाही. चार गोष्टी विचारून या, म्हटले. सुई देणारी व्यक्ती नोंदणीकृत डॉक्टर आहे का आणि तिने या उपचाराचे रीतसर शिक्षण घेतले आहे का? कुपीवर द्रव्याचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली आहे का, आणि ती तुमच्यासमोर फोडणार का? सुई रक्तवाहिनीत गेली तर काय करणार? चेहऱ्यातल्या काही रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असतात. द्रव्य तिथे पोहोचले तर कातडी सडू शकते, दृष्टीही जाऊ शकते. हायल्युरॉनिक आम्लाच्या फिलरला विरघळवणारे औषध आहे, या कणांना तसे नाही. आणि चौथे, तुमचा मधुमेह काबूत आहे का, हे ते विचारतात का?

हा चौथा प्रश्न मला सर्वांत जवळचा. साखर कारखान्यांचा आपला तालुका. रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की ती कोलॅजेनच्या दोरांना चिकटते आणि ते ताठ, ठिसूळ होतात. जुन्या मधुमेहींना नमस्कार करायला सांगा, काहींचे तळवे पूर्ण जुळत नाहीत. तोच ताठपणा कातडीत असतो, रक्तवाहिन्यांत असतो. ऊन हा दुसरा शत्रू. उसात आयुष्य काढलेल्या बाईचा चेहरा आणि तिच्याच दंडाची आतली बाजू शेजारी ठेवून पाहा, वय तेच असते. डोक्यावरून पदर, रुंद काठाची टोपी, विडी-सिगारेटपासून दूर राहणे, साखर काबूत ठेवणे आणि राहात्याचा पेरू किंवा आवळा, यांनी गेलेले परत येत नाही, पण असलेले टिकते. रजोनिवृत्तीनंतर कोलॅजेन झपाट्याने घटते, तेव्हा तर हे जास्तच सांभाळायचे.

त्या बाई पुढच्या महिन्यात गोळ्या न्यायला आल्या. कुपीचे नाव विचारल्यावर पार्लरमधून पुन्हा फोन आला नाही, असे त्यांनी सांगितले. आगाऊ पैसे दिले नव्हते, ते बरे झाले. लग्न बेटातच लागले. साखर उपाशीपोटी अजून थोडी जास्तच होती, म्हणून मी गोळी वाढवून दिली.